एरोनेट

वायुकलिलांची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या धूळ, धूर, मीठ, सल्फेट इत्यादींच्या सूक्ष्म कणांची, जमिनीवरून मापने घेऊन ती सर्व संशोधकांना एकाच साठ्यातून उपलब्ध करून देणारे जागतिक जाळे. अमेरिकेतील नासाचे गॉडर्ड केंद्र आणि फ्रान्समधील फोटॉन्स हे जाळे यांनी त्याची उभारणी केली. प्रत्येक केंद्राचे यंत्र तेथील विद्यापीठ किंवा संस्था सांभाळते.

प्रारंभाचे वर्ष सामान्यतः 1993 धरतात, कारण साठ्यातील सर्वांत जुन्या नोंदी त्या सुमाराच्या आहेत. नासाचे शास्त्रज्ञ ब्रेंट होल्बेन व सहकाऱ्यांनी जाळ्याची रचना मांडणारा निबंध मात्र 1998 मध्ये प्रसिद्ध केला. काही अभ्यासक त्याचे मूळ जागतिक हवामान संघटनेच्या पार्श्वभूमी प्रदूषण केंद्रांच्या, म्हणजे स्थानिक प्रदूषणापासून दूर हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या, योजनेत पाहतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाची पुणे, नागपूर, कोडाईकनाल, मिनिकॉय इत्यादी दहा केंद्रे या योजनेत होती. तेथे हातात धरायच्या सूर्यप्रकाशमापकांनी वातावरणाची गढूळता मोजत. या दोन प्रयत्नांत कल्पनेचे साम्य आहे, पण एरोनेटला वेगळी सुरुवात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या जाळ्यांत यंत्रांचे अंशशोधन (प्रमाणाशी वाचने जुळवून घेणे) एकसारखे नसल्याने एका केंद्राचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहणे अवघड होते. एरोनेटने प्रथम हीच उणीव दूर केली.

सर्व केंद्रांवर सिमेल या फ्रेंच कंपनीचा स्वयंचलित प्रकाशमापक असतो. थेट सूर्यप्रकाश किती क्षीण झाला यावरून तो 340 ते 1020 नॅनोमीटर (काही यंत्रांत 1640 पर्यंत) तरंगलांब्यांवर वायुकलिलांची प्रकाशीय जाडी, म्हणजे कणांमुळे प्रकाश किती अडतो याचे माप, देतो. आकाशातील विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचे आकारमान आणि शोषणक्षमता काढतात. प्रमाण यंत्रांचे अंशशोधन हवाई बेटांवरील माउना लोआसारख्या उंच, स्वच्छ ठिकाणी लँग्ली पद्धतीने होते. सूर्य चढत-उतरत असताना घेतलेली वाचने वातावरणाची जाडी शून्य असल्याच्या कल्पित बिंदूपर्यंत मागे नेली जातात. इतर यंत्रे या प्रमाण यंत्रांशेजारी ठेवून जुळवतात. त्यामुळे केंद्रांवरील प्रकाशीय जाडीतील अनिश्चितता साधारण 0.01 ते 0.02 इतकीच राहते.

साठ्याची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे ढगांची चाळणी. प्रत्येक वेळी सुमारे 30 सेकंदांच्या अंतराने तीन वाचने घेतात. ढग झपाट्याने बदलतो, वायुकलिल सहसा नाही, असे गृहीत धरून तिन्हींत फार तफावत असलेली मापने वगळतात. दाट धूर किंवा धुके असताना हे गृहीतक डळमळते, कारण अशा थरांची दाटीही मिनिटभरात बदलू शकते. परिणामी ज्या दिवसांचा अभ्यास सर्वाधिक निकडीचा, नेमके त्याच दिवसांच्या नोंदी गळत. गंगेच्या मैदानातील हिवाळी धुरकट हवेच्या अभ्यासात हा मुद्दा गौण म्हणता येणार नाही. नोंदींवरील प्रक्रियेच्या 2018 मधील तिसऱ्या आवृत्तीत तीन वाचनांतील तफावतीची ही तपासणी केवळ 675, 870 व 1020 नॅनोमीटरवर ठेवली. या तरंगलांब्यांवर धुराच्या बारीक कणांचा प्रभाव कमी आणि ढगांचा ठळक असतो. विरळ सायरस (उंचावरील बर्फकणांचे) ढग ओळखण्याची कसोटीही सुधारली. कच्ची वाचने जपलेली असल्यामुळे 1993 पासूनचा साठा नव्या नियमांनी पुन्हा मोजता आला. एरोनेटची ही सर्वांत मोलाची बाजू होय.

नोंदी तीन स्तरांवर मिळतात : 1.0 (न चाळलेल्या), 1.5 (ढग वगळलेल्या) आणि 2.0 (गुणवत्ता तपासलेल्या). स्तर 2.0 साठी यंत्राचे वापरापूर्वीचे व नंतरचे अशी दोन्ही अंशशोधने लागतात, म्हणून तो उशिरा तयार होतो. उपग्रहांची मापने आणि हवामान प्रारूपे पडताळण्यासाठी हाच स्तर वापरावा असा संकेत आहे. नोंदी वापरणाऱ्याने केंद्रप्रमुखांशी संपर्क साधून त्यांचे श्रेय नोंदवणे अपेक्षित असते.

भारतात कानपूरच्या आयआयटीतील केंद्र 2001 पासूनचे असून देशातील दीर्घ नोंदींपैकी एक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील केंद्र 2004 च्या सुमारास सुरू झाले. याशिवाय इस्रोचे स्वतंत्र जाळे आहे. त्याची बहुतरंगी विकिरणमापके 1980 च्या दशकापासूनची असल्याने दोन्ही साठे परस्परपूरक ठरतात.

समुद्रावर स्थिर केंद्रे विरळ आहेत. तेथे जहाजांवरून हातातील प्रकाशमापकाने घेतलेली वाचने एका उपजाळ्यामार्फत साठ्यात येतात.