ई-रीडरचा ब्रँड बदलताना मराठी अक्षरं नीट दिसतील का?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं ऐरोली, तुर्भे, बेलापूरला रोज जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये सध्या एकच विषय चालू आहे, किंडल सोडून कोबो घ्यायचा की पॉकेटबुक, की सरळ बूक्स (Boox). आणि चर्चा सगळी स्क्रीनवर, कुठला शार्प, कुठला डोळ्यांना बरा. माझं म्हणणं असं की स्क्रीनचं टेन्शन घेऊच नका, कारण या चारही ब्रँडच्या आत पॅनल येतं ते ई-इंक या एकाच कंपनीचं.

ही कंपनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघाली, आता ती तैवानची आहे. स्क्रीनमध्ये साधारण केसाच्या जाडीच्या लाखो बारीक कुप्या असतात, प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे नि काळे कण. पांढऱ्यांवर पॉझिटिव्ह चार्ज, काळ्यांवर निगेटिव्ह. खालून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाला जातात, आणि गंमत म्हणजे करंट बंद केला तरी ते जागचे हलत नाहीत, म्हणून बॅटरी मुख्यतः पान उलटताना लागते आणि आठवडे पुरते. पान बदलताना स्क्रीन मधूनच काळी-पांढरी चमकते ना, ते आधीच्या पानाचे मागे रेंगाळलेले कण झाडून काढणं असतं. खिडकीतून ऊन थेट पानावर आलं तरी अक्षर स्वच्छ दिसतं ते पण यामुळेच, कागदासारखा बाहेरचाच प्रकाश परत फेकला जातो. कलर घेणार असाल तर एवढं बघा की ई-इंकच्या कॅलिडो 3 या कलर पॅनलवर काळं-पांढरं 300 पीपीआय (इंचाला 300 ठिपके) असतं पण रंग 150 वर येतात, कारण वर रंगीत फिल्टर बसवलेला असतो, त्यामुळे पान थोडं काळपट दिसतं. कादंबऱ्याच वाचायच्या असतील तर मी तरी कलरच्या मागे लागणार नाही.

खरा फरक आहे तो फाइलमध्ये. विकत घेतलेल्या बऱ्याच पुस्तकांना डीआरएमचं कुलूप असतं आणि किल्ली तुमच्या त्या दुकानातल्या अकाउंटला बांधलेली, म्हणून दुसऱ्या ब्रँडवर ते उघडत नाही. फेब्रुवारी 2025 पासून अ‍ॅमेझॉननं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं टाकायची सोयही बंद केलीय. कुलूप नसलेला ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलचा सर्रास चालणारा प्रकार, मात्र कुठेही जातो, फक्त किंडलवर तो अ‍ॅमेझॉनच्या सेंड टू किंडल सोयीनं पाठवावा लागतो. ईपब म्हणजे खरं तर झिप फाइल, नाव बदलून .zip करा आणि उघडा, आत धड्यांची वेबपेजं, चित्रं, कधीकधी फॉन्टसुद्धा सापडेल.

आता मराठी वाचणाऱ्यांनी नीट बघायची गोष्ट. 'विज्ञान' हा शब्द फाइलमध्ये आपण लिहितो तसा नसतो, तिथे आधी व, मग वेलांटी, मग ज, हलंत, ञ असे युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरवून दिलेले, नंबर ओळीनं असतात. वेलांटी उचलून व च्या आधी काढायची, ज आणि ञ जोडून ज्ञ करायचा, हे काम रीडरमधलं शेपिंग इंजिन फॉन्टच्या मदतीनं करतं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाची मोफत लायब्ररी करते, त्यामुळे फोनवर आपल्याला हे कधी जाणवतच नाही, आणि बूक्स अँड्रॉइडवरच चालतो म्हणून तिथेही सहसा प्रश्न येत नाही. पण इंजिन कच्चं असलं तर वेलांटी व सोडून ज ला चिकटते, ज्ञ फुटून पाय मोडलेला ज आणि सुटा ञ दिसतो, आणि फॉन्टच नसेल तर नुसते चौकोन. सगळ्यात नाजूक आपला अर्धा र, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला, हिंदीला तो लागत नाही त्यामुळे हिंदी छान दिसणाऱ्या रीडरवर मराठी बिघडलेलं मी स्वतः पाहिलंय आणि ते वाचताना फार त्रास होतो, दर दोन ओळींनी ठेच लागते.

म्हणून घेण्याआधी कोणाच्या तरी रीडरवर 'विज्ञान', 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कृत्रिम', 'श्री' एवढे शब्द असलेला ईपब टाकून बघाच. कोबोत साधा ईपब एका इंजिनातून जातो आणि केपब, म्हणजे कोबोचा स्वतःचा ईपबचा प्रकार, दुसऱ्या इंजिनातून, तेव्हा एकच पुस्तक दोन्ही प्रकारे उघडून बघा, कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरनं बदलून घेता येतं. फॉन्ट नसेल तर कोबोवर fonts नावाचा फोल्डर करून त्यात देवनागरी फॉन्ट टाकायचा, किंडलवरही तशी सोय आहे. किंडलनं मराठी 2016 पासून दिलंय.

जुन्या पीडीएफचं दुखणं मात्र ब्रँड बदलून जात नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या नंबरवर बसवलेली होती, पान दिसायला ठीक पण सहा इंची स्क्रीनवर बारीक, आणि ईपब करायला गेलात की हाती इंग्रजी अक्षरांचा काला. अशी पुस्तकं पुन्हा टाइप तरी करावी लागतात नाहीतर स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरकडून ओळखून घेणं. कॉपीराइट संपलेल्या, म्हणजे आपल्याकडे लेखक जाऊन 60 वर्षं उलटलेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोतावर हौशी मंडळी हेच करतात, स्कॅनचं एकेक पान समोर ठेवून मजकूर तपासतात, आणि झालेलं पुस्तक तिथूनच थेट ईपब म्हणून उतरवता येतं, कुलूप नाही, अकाउंट नाही.