शेजारच्या दातांचा काय गुन्हा? : ब्रिजमागचा इतिहास

ठाण्याच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर आईच्या खालच्या जबड्याचं प्लास्टरचं मॉडेल ठेवलं होतं. डावीकडची पहिली दाढ, सहाव्या वर्षी येते ती, गेल्या दिवाळीनंतर काढावी लागली होती. मॉडेलवर तिथे खिंड दिसत होती आणि मागची दाढ त्या खिंडीकडे जराशी कललेली होती. डॉक्टरांनी खिंडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दातावर पेन्सिलीने रेघ मारली. "काकू, हे दोन दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचे. त्यांच्यावर कॅप बसतील आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असेल. तिन्ही मिळून एकच तुकडा. त्यालाच ब्रिज म्हणतात."

आईने मॉडेल हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाली, "गेला एक आणि घासायचे दोन? अहो, शेजारच्यांचा काय गुन्हा?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "बरोबर विचारलंत," म्हणाल्या. घरी आल्यावर मी ब्रिजचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की आईचा प्रश्न या विद्येइतकाच जुना आहे. पडलेल्या दाताची जागा भरायची, तर भार कोणावर टाकायचा? प्रत्येक काळाने याचं आपापलं उत्तर दिलं आणि जवळपास प्रत्येक वेळी किंमत शेजारच्या दातांनी मोजली.

सगळ्यात जुन्या उत्तरात मात्र शेजाऱ्यांना घासलेलं नव्हतं. इटलीतल्या, रोमच्या भरभराटीआधीच्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांमध्ये इसवी सन पूर्व सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या चपट्या पट्ट्या सापडल्या आहेत. पट्टी शाबूत दातांभोवती कड्यासारखी फिरवायची आणि मधल्या कड्यात माणसाचा किंवा जनावराचा कोरलेला दात खिळ्याने पक्का करायचा. या पट्ट्या प्रामुख्याने बायकांच्या जबड्यांत मिळतात, त्याही समोरच्या दातांवर. चावण्यापेक्षा मिरवण्यासाठी, श्रीमंतीची खूण म्हणून त्या होत्या, असं अभ्यासकांना वाटतं. आजच्या लेबनॉनमधल्या सायडनला १८६२ मध्ये अशीच एक जोडणी सापडली. तिथे पट्टीऐवजी सोन्याची तार होती, ती दातांभोवती गुंडाळून मध्ये दोन परके दात अडकवले होते. रोममध्ये हा प्रकार एवढा रुळलेला होता की इसवी सन पूर्व ४५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या बारा पाट्यांच्या कायद्यात त्याची दखल आहे. मृताबरोबर सोनं पुरू नये, पण त्याचे दात सोन्याने जोडलेले असतील तर ते तसेच राहू द्यावेत, असं कलम त्यात आहे.

आपल्याकडे सुश्रुताच्या ग्रंथात दातांवरची शर्करा, म्हणजे आज आपण टार्टर म्हणतो ती, खरवडून काढण्याची रीत दिली आहे आणि ते करताना दातांच्या मुळांना इजा होऊ देऊ नये अशी ताकीदही. खोटा दात बसवण्यापेक्षा आहे तो सांभाळण्याकडे तिथे ओढा दिसतो. मला हे फार मोलाचं वाटतं. आईची आई रोज मिशरी लावायची. हिरड्या झिजून तिचे चांगले, न किडलेले दात हलायला लागले आणि पन्नाशीच्या आत गेले. त्यांना ना कीड लागली होती ना कुणी मार दिला होता, तळची जमीनच खचली.

मधली बरीच शतकं दात उपटण्यातच गेली. १७२८ मध्ये पिअर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याने दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात वरचा भाग गेलेल्या दाताच्या मुळात धातूची खुंटी बसवून त्यावर खोटा दात उभा करण्याची पद्धत आहे. भार पेलायला शेजाऱ्याच्या कमरेला दोरी बांधण्याऐवजी मुळाचा पाया वापरायचा, ही कल्पना इथे ठसली. अमेरिकेत १८८० च्या सुमारास कॅसियस रिचमंड यांच्या नावाची कॅप आली, तीही खुंटीचीच: मुळात खुंटी, वर सोन्याचं कडं आणि पुढे चिनीमातीचा दर्शनी भाग. अशा दोन कॅपच्या मध्ये खोटे दात डाक देऊन जोडले की पूल तयार. तिथपासून ब्रिजचं काम धंदा म्हणून फोफावलं. या कामाच्या पेटंटवरून डॉक्टरांकडून पैसे वसूल करणारी कंपनी निघाली आणि तिच्याशी लढायला १८८८ मध्ये डॉक्टरांनी संघटनाही काढली.

या फोफावण्यात एक मोठी चूक होती आणि तिच्यापाशी थांबायला हवं. पुलाखालची घाण काढायला जागाच ठेवलेली नसे. खोटा दात हिरडीवर खोगिरासारखा दाबून बसवलेला, कॅपची कड हिरडीत रुतलेली, आत मूळ कुजतंय की कसं ते बघायला साधन नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, पण दवाखान्यादवाखान्यात दातांचे एक्स-रे निघायला बराच काळ जावा लागला. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात भाषण केलं आणि असल्या कामाला पुवाच्या ढिगावर बांधलेली सोन्याची कबर म्हटलं. तोंडातला हा जंतुसंसर्ग शरीरभर आजार पसरवतो, असा त्याचा आरोप होता.

पुलाखालच्या घाणीबद्दलचं निदान बरोबर होतं, शरीरभर आजार पसरण्याचा आरोप मात्र पुढे बराचसा टिकला नाही. त्यावरचा उपायही भलतीकडे गेला. पुढची वीस-तीस वर्षं सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत कशाहीसाठी धडधाकट दात उपटले गेले. पण त्या भाषणाने एक चांगलंही झालं. खोट्या दाताचा तळ गुळगुळीत आणि फुगीर ठेवायचा, हिरडीला जेमतेम टेकवायचा किंवा मागच्या दाढांना तर हिरडीपासून अधांतरीच ठेवायचा, म्हणजे खालून साफ करता येतं, ही शिस्त पुढे रुजली. चांगला ब्रिज आणि वाईट ब्रिज यांतला फरक आजही बऱ्याच अंशी त्या न दिसणाऱ्या तळातच असतो.

घट्ट बसणारी कॅप घडवण्याची किल्ली १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी दिली. मेणाचा हुबेहूब आकार करायचा, तो साच्यात गाडायचा, मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत दाब देऊन वितळलेलं सोनं भरायचं. आपले ओतारी पंचधातूच्या मूर्ती याच रीतीने ओतत आले आहेत. दातांच्या बाबतीत ती आली तेव्हा कॅपची कड दाताशी नीट जुळू लागली आणि फटीतून कीड शिरणं कमी झालं. लॅबमध्ये अजूनही 'वॅक्सअप' आणि 'कास्टिंग' हे शब्द रोज कानावर पडतात ते त्यामुळे.

शेजाऱ्यांवर किती ओझं टाकावं, याचा पहिला हिशेब १९२६ मध्ये टोरोंटोच्या अर्विन अँटे यांनी मांडला: आधाराच्या दातांच्या मुळांचं एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं किंवा जास्त असावं. दंतवैद्यकाचे विद्यार्थी तो 'अँटेज लॉ' म्हणून पाठ करतात. तो निसर्गाचा नियम नाही, हाडाची आणि हिरडीची तब्येत त्याहून महत्त्वाची, हे आता मान्य आहे. पण शेजाऱ्याची ताकद आधी मोजा, मग ओझं ठेवा, ही सवय त्याने लावली.

घासणं मात्र सोपं होत गेलं. पायाने चालवायच्या ड्रिलने अख्खा दात चारी बाजूंनी घासणं म्हणजे रुग्णाचे हाल. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचा हवेच्या दाबावर मिनिटाला लाखो फेरे घेणारा एअरोटर आला. दवाखान्यात तो 'स्सीं' असा आवाज ऐकून आपण खुर्चीचे हात घट्ट धरतो, तो याचाच. पाठोपाठ १९६२ मध्ये वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांची पेटंटं आली. त्यांनी पोर्सेलीनचं मिश्रण असं जुळवलं की तापताना आणि थंड होताना ते आतल्या धातूच्या प्रमाणातच फुगेल आणि आकसेल. त्यामुळे धातूवर भाजलेलं पोर्सेलीन तडकेनासं झालं. मजबूत आणि दातासारखी दिसणारी कॅप सगळ्यांच्या आवाक्यात येऊ लागली. १९७० च्या दशकात सोनं कडाडलं तसा आतला धातू बदलून निकेल-क्रोमियम झाला. ओळखीच्या कुणाच्या पुढच्या दाताच्या मुळाशी काळसर रेघ दिसते ना, ती हिरडी वर सरकल्यावर उघडी पडलेली या धातूची कड. पण धातू आणि पोर्सेलीन दोन्हींना जागा हवी म्हणून शेजारचा दात १ ते २ मिलिमीटर घासावा लागतो, आणि एकदा गेलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही.

ठाण्यात हे सगळं पोचलं ते मुंबईमार्गे. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. बोरीबंदरजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. ठाण्याहून लोकल थेट तिथवर जाते, त्यामुळे आमच्याकडे जुनी माणसं "व्हीटीला दात दाखवायला" जायची. १९४८ चा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट झाला तेव्हा देशात पदवी नसलेले, पण पिढीजात दात बसवणारे पुष्कळ होते. मुंबईतल्या चिनी दंतवैद्यांच्या पाट्या अनेकांना आठवत असतील. कायद्याने जुन्या अनुभवी लोकांसाठी नोंदवहीत वेगळा 'भाग ब' ठेवला. फूटपाथवर मात्र कुणाचीच नोंद नव्हती. माझ्या मामांनी तरुणपणी स्टेशनाबाहेर बसणाऱ्या एकाकडून "फिक्स दात" बसवून घेतला होता. तार आणि तिथल्या तिथे कालवलेलं अ‍ॅक्रिलिक शेजारच्या दातांवर थापलेलं. ना घासणं, ना सुई, दहा मिनिटांत काम. त्या थराखाली ब्रश कधीच पोचला नाही. सहा-सात वर्षांनी तो काढावा लागला तेव्हा शेजारचे दोन्ही दात त्याच्याबरोबर गेले. हंटर जे मॉन्ट्रियलला सांगत होता, ते आमच्या घरात असं घडलं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

शेजाऱ्यांना वाचवायचे खरे प्रयत्न उशिरा सुरू झाले. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की एनॅमलवर आम्ल लावलं तर ते सूक्ष्म खडबडीत होतं आणि त्याला रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, घट्ट चिकटतं. त्यावरून १९७३ मध्ये रोशेट यांनी दाताच्या मागे भोकाभोकांची धातूची पट्टी चिकटवली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठात तिची सुधारित आवृत्ती निघाली, तोच 'मेरीलँड ब्रिज'. घासणं नावापुरतं. तो कधी कधी सुटून हातात येतो, दाढांवर फारसा टिकत नाही, पण पुढचा एखादा दात गेलेल्या तरुण मुलामुलीला तो आजही सुचवला जातो. दुसरा मार्ग स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांचा: टायटॅनियम हाडात एकजीव होतं, या निरीक्षणावरून त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचं खोटं मूळ, बसवलं. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर जगाने ते स्वीकारलं. इम्प्लांट शेजाऱ्यांना विचारतच नाही, स्वतःच्या पायावर उभं राहतं. त्याला मात्र पुरेसं हाड लागतं, काही महिन्यांचा धीर लागतो आणि पैसेही.

इकडे खाडीपलीकडे नवी मुंबई वसत होती. नेरूळला दोन, शिवाय बेलापूर, खारघर, कामोठे, अशी दंत महाविद्यालयं तिथे उभी राहिली. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर गाड्या सुरू झाल्यावर ठाणेकरांचं तोंड त्या दिशेलाही वळलं. विद्यार्थ्यांच्या हातून, पण प्राध्यापकांच्या नजरेखाली, कमी खर्चात ब्रिज करून घेणारे पुष्कळ लोक आमच्या सोसायटीतही आहेत. फेऱ्या जास्त होतात, पण प्रत्येक पायरी कुणीतरी तपासतं. खासगी दवाखान्यांत आता मापासाठी तोंडात गुलाबी लगदा भरण्याऐवजी स्कॅनरची कांडी फिरते आणि झिर्कोनिया या पांढऱ्या, कणखर सिरॅमिकच्या ठोकळ्यातून मशीन ब्रिज कोरून काढतं.

आईच्या बाबतीत डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. मागच्या दाढेचं रूट कॅनाल आधीच झालेलं होतं, तिला कॅप लागणारच होती. पुढच्या दातात जुनं मोठं सिमेंट होतं. "हे दोघं कोरे करकरीत असते ना काकू, तर मी तुम्हाला ब्रिज सुचवला नसता. इम्प्लांटचं बोलले असते," त्या म्हणाल्या. मग आई तयार झाली.

ब्रिज बसून आता पाच महिने झाले. रात्री जेवण झालं की आई बेसिनपाशी उभी राहते. डॉक्टरांनी दिलेला जाड दोरा आहे, एक टोक सुईसारखं कडक, मधे लोकरीसारखा फुगीर. गजरा ओवावा तसं ती ते टोक खोट्या दाताखालून आत घालते, दुसऱ्या बाजूने ओढून घेते आणि पुढेमागे दोन-तीनदा फिरवते. मग दोरा दिव्याखाली धरून बघते.