पेरणीचे अंतर व वेळ यांनुसार पिकाची वाढ (सोलापूर)

दोन रोपांमध्ये किती जागा राहते आणि बी कोणत्या दिवसांत जमिनीत पडते, यांनुसार एकाच वाणाचे रोप आपली उंची, फुटवे (बुडाशी फुटणारी जादा खोडे), पानांची संख्या व फुलोऱ्याची वेळ बदलते. सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारीत हा गुणधर्म विशेष स्पष्ट दिसतो, कारण येथे सप्टेंबर हा भरवशाच्या पावसाचा महिना असून त्यानंतर पीक मुख्यतः काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर पोसले जाते.

दाट पेऱ्यात शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात लाल किरणांचे प्रमाण कमी असते. फायटोक्रोम या रंगद्रव्यामार्फत रोप हा बदल सावली पडण्यापूर्वीच ओळखते व फुटवे रोखून उंच, बारीक होते. विरळ पेऱ्यात ताट (खोड) जाड होते, कणीस मोठे भरते आणि काही वाणांना फुटवे येतात. त्यामुळे रोपांची संख्या थोडी घटली तरी एकरी उतारा त्या प्रमाणात घटत नाही. मात्र या भरपाईला मर्यादा आहे आणि सोलापुरात ती मर्यादा प्रकाशापेक्षा पाणी ठरवते. दाट पीक सुरुवातीला हिरवेगार दिसते, पण ओल लवकर संपवते आणि दाणे भरताना ताणात सापडते. अशा वेळी खडखड्या रोग बळावतो: ताटे बुडाशी मोडून लोळतात आणि खोड उभे चिरल्यास गर वाळून सुटे झालेले धागे व त्यांवर बुरशीचे काळे ठिपके दिसतात. म्हणून ४५ × १५ सेंमी. अंतराची, म्हणजे हेक्टरी सुमारे १.४८ लाख रोपांची शिफारस आहे. पाभरीने (ओळीत बी पेरणाऱ्या अवजाराने) पेरल्यावर ओळींतील अंतर आपोआप राखले जाते; रोपांतील अंतर मात्र वेळेवर केलेल्या विरळणीवरच (जादा रोपे उपटण्यावरच) अवलंबून असते, आणि कडब्याच्या ओढीने ती टाळली जाते, हे नुकसानीचे आहे.

पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ, म्हणजे साधारण उत्तरा व हस्त नक्षत्रे, योग्य मानला जातो. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेल्या मालदांडी ३५-१ सारखे रब्बी वाण दिवसाच्या लांबीला संवेदनशील आहेत. दिवस मोठे असताना पेरल्यास ते पानोपानी वाढत राहतात व फुलोरा लांबवतात. उशिरा पेरल्यास लहान दिवसांमुळे कमी पानांवरच निसवतात (कणीस बाहेर टाकतात) आणि दाणे भरण्याचा काळ ओल ओसरण्याच्या काळात येतो. हलक्या जमिनीत ओल कमी टिकत असल्याने तेथे फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण, तर खोल जमिनीत फुले वसुधा हा वाण घेतात. जमीन भेगाळू लागली की कोळपणीने (ओळींमधली माती वरवर हलवून) भेगा बुजवून उरलेली ओल राखली जाते.

करडईत ही भरपाई फुटव्यांऐवजी फांद्यांनी होते: मोकळ्या जागेत झाड अधिक फांद्या व बोंडे धरते. उशिरा पेरलेली करडई कमी फांदते आणि तिच्यावर माव्याचा उपद्रव वाढतो.