कॉर्डलेस फोन : मेमरी डायलिंग आणि हेडसेट

वारंवार लागणारे नंबर कॉर्डलेस फोनच्या हँडसेटमध्ये साठवून एक-दोन बटणांत लावणे म्हणजे मेमरी डायलिंग. त्याच हँडसेटला हेडसेट जोडला की हात मोकळे ठेवून बोलता येते. ठाणे-नवी मुंबईत मोबाइल हातोहाती येण्यापूर्वी या सोयींचे अप्रूप होते. आता त्या बहुधा ज्येष्ठांच्या घरी, दवाखान्याच्या काउंटरवर किंवा एखाद्या जुन्या पेढीत दिसतात.

साध्या मॉडेलमध्ये १ ते ९ पैकी एखादे बटण दाबून धरले की त्यावरचा नंबर लागतो. काहींत आधी मेमरीचे बटण दाबावे लागते. अनेक मॉडेलांत मेमरी हँडसेटमध्ये असते, बेसमध्ये (टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या स्थिर भागात) नाही. त्यामुळे आतल्या खोलीतला दुसरा हँडसेट कोराच राहतो.

फोन स्वतःचे डोके चालवत नाही. साठवलेले आकडे तो जसेच्या तसे लावतो, चुकीचे असले तरी इमानेइतबारे. म्हणून नंबर कसा टाकला हे महत्त्वाचे. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही ०२२ मध्येच असल्याने नौपाड्यातून वाशीच्या किंवा दादरच्या लँडलाइनला नुसते आठ आकडे पुरतात. डोंबिवली लोकलने अर्ध्या तासाच्या आत, पण तिचा कोड ०२५१, तोही साठवावा लागतो. खरा घोळ १५ जानेवारी २०२१ पासून झाला. त्या दिवसापासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले आणि मेमरीतले दहा आकडी मोबाइल नंबर एका रात्रीत निकामी ठरले. बटण तेच, बोट तेच, पण पलीकडून मुलाऐवजी रेकॉर्ड बोलू लागली. फोन बिघडला असेच अनेकांना वाटले असणार.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कचेरीत बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी ० किंवा ९ दाबावा लागत असेल, तर त्या आकड्यानंतर ‘पॉज’ म्हणजे क्षणभराचा थांबा साठवतात. तो विसरला तर लाइन मिळण्याआधीच पुढचे आकडे निघून जातात.

हेडसेटची पिन बहुतेक कॉर्डलेसमध्ये अडीच मिलिमीटरची असते. मोबाइलचा साडेतीन मिलिमीटरचा हेडफोन त्यात बसत नाही, आणि अडॅप्टर लावूनही कधी ऐकू येते पण आपला आवाज पलीकडे जात नाही, कारण पिनेवरच्या जोडण्यांचा क्रम वेगळा. पिन घातली की हँडसेटचा स्वतःचा माइक आणि स्पीकर बंद होतो. फोन उचलायचा मात्र हँडसेटच्याच बटणाने. हेडसेटची किंमत कळते ती लिहिताना. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातला आडत्या मान वाकडी करून, हँडसेट खांद्यात दाबून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) लिहीत असेल, तर संध्याकाळी त्याची मानच ते सांगते.

वीज गेली की बेस बंद, म्हणजे मेमरीही मुकी. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालत राही, म्हणून घरात एक वायरचा फोन ठेवावा असे सांगत. फायबरच्या जोडणीत तोही आधार उरला नाही. घरातल्या मोडेमला बॅकअप नसेल तर दोन्ही फोन गप्प.

काही जुन्या मॉडेलांत बॅटरी बदलताना मेमरी पुसली जाते. त्यावरचा घरगुती इलाज बेसखाली चिकटवलेली चिठ्ठी : १ थोरला, २ ताई पुणे, ३ डॉक्टर, ४ गॅस. पुढे नंबर निळ्या शाईत, आणि मोबाइल नंबरांआधीचे शून्य नंतर लाल पेनाने घुसवलेले.