हार्दिक पांड्यावर बंदी घातलीच नव्हती: निलंबन आणि बंदी यांतला फरक

"'कॉफी विथ करण' या टीव्ही कार्यक्रमात बरळला म्हणून हार्दिक पांड्यावर दोन सामन्यांची बंदी आली होती." हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा वाचलं आणि ऐकलं आहे, की आता सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पांड्यावर दोन सामन्यांची बंदी आली नव्हती. एका सामन्याचीही आली नव्हती. त्याच कार्यक्रमात त्याच्यासोबत असलेल्या के. एल. राहुलवरही नाही. दोघांचं निलंबन झालं होतं, आणि निलंबन ही वेगळी गोष्ट आहे. नुसता शब्द वेगळा असता तर मी सोडून दिलं असतं. इथे खेळाडूच्या वाट्याला आलेलं सगळंच वेगळं होतं.

बंदी म्हणजे काय, हे क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही शिकवायला नको. आरोप ठेवला, म्हणणं ऐकून घेतलं, दोष ठरला, आणि मग शिक्षा सुनावली: इतके सामने किंवा इतके महिने. ती संपली की माणूस परत खेळायला मोकळा.

निलंबन समजून घ्यायला क्रिकेटपेक्षा सरकारी नोकरी जास्त उपयोगी पडते. ज्याच्या घरात कुणी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, त्याला हे माहीत असतं. माणूस 'सस्पेंड' होतो तेव्हा त्याचा दोष ठरलेला नसतो. चौकशी होईपर्यंत त्याने खुर्चीवर बसू नये एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ उघडून पाहा. निलंबन नियम ४ मध्ये आहे आणि शिक्षांची यादी नियम ५ मध्ये. त्या यादीत निलंबन नाही. म्हणून तर निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो. ज्याचा दोष अजून ठरायचाय, त्याला उपाशी ठेवता येत नाही. खेळाडूला मात्र न खेळलेल्या सामन्याची मॅच फी मिळत नाही, आणि गेलेला सामना पुन्हा येत नाही. कागदावर शिक्षा नसलेली ही गोष्ट त्याच्या आयुष्यात मात्र शिक्षेसारखीच लागते. गोंधळाचं मूळ इथे आहे, आणि तो होणं मी समजू शकतो. पण समजणं वेगळं आणि चालवून घेणं वेगळं.

आता जानेवारी २०१९ नीट तारखेनुसार पाहू.

कार्यक्रमाचा तो भाग ६ जानेवारीला प्रसारित झाला. पांड्या बायकांबद्दल जे बोलला ते हीन होतं. माझी त्याबद्दल काडीचीही सहानुभूती नाही, आणि 'पोरं आहेत, बोलून गेली' ही सारवासारव मला तेव्हाही चीड आणत होती. दोघेही तेव्हा भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते. ९ तारखेला भारतीय क्रिकेट मंडळाने कारणे दाखवा नोटीस काढून चोवीस तासांत उत्तर मागितलं. पांड्याने जाहीर माफीही मागितली. मंडळाचा कारभार त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीकडे होता आणि तिच्यात दोनच सदस्य उरले होते: विनोद राय आणि डायना एडुलजी. राय यांनी सुचवलं की दोघांवर दोन सामन्यांची बंदी घालावी.

लोकांच्या डोक्यात जे 'दोन सामने' बसले आहेत ते इथून आले. ती सूचना होती. मथळे त्या सूचनेचे झाले, आणि पुढे जे झालं ते वाचायचं राहून गेलं.

एडुलजी यांनी आधी कायदेशीर मत घ्यावं असं म्हटलं आणि नंतर चौकशी होईपर्यंत निलंबन करावं ही भूमिका घेतली. शेवटी तेच झालं. ११ जानेवारीला मंडळाच्या घटनेतील कलम ४१(६) खाली दोघांना निलंबित करण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सिडनीला पहिला एकदिवसीय सामना होता. दोघांना दौरा सोडून घरी परतावं लागलं आणि त्यांच्या जागी विजय शंकर व शुभमन गिल यांची निवड झाली.

राय यांची सूचना मान्य झाली असती तर? सिडनी (१२ जानेवारी) आणि ॲडलेड (१५ जानेवारी) असे दोन सामने बाहेर बसून १८ तारखेच्या मेलबर्नच्या सामन्याला दोघेही उपलब्ध झाले असते. हिशेब पूर्ण, प्रकरण बंद. निलंबनाला असा हिशेब नसतो. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' या शब्दांत तारीख नाही, आकडा नाही. त्यात ही चौकशी करायला माणूसच नव्हता. मंडळाच्या नव्या घटनेप्रमाणे अशी प्रकरणं मंडळाच्या लोकपालाकडे, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जायला हवीत, आणि ते पद रिकामं होतं. प्राथमिक चौकशी कुणी करावी यावरही समितीच्या दोघांचं एकमत होईना. ज्यांची चौकशी व्हायची ते घरी बसलेले, आणि चौकशी करणाऱ्याची नेमणूकच नाही. त्यांना फक्त राष्ट्रीय संघाचे सामने बंद होते असंही नाही. मंडळाच्या किंवा राज्य संघटनांच्या मान्यतेखालचं कोणतंही क्रिकेट त्यांना बंद होतं. त्याच आठवड्यात रणजीची बाद फेरी सुरू झाली. राहुलचा कर्नाटक संघ तिथे खेळत होता, पण तो मैदानात उतरू शकत नव्हता.

२४ जानेवारीला, न्यायालयाला साहाय्य करायला नव्याने नेमलेले न्यायमित्र पी. एस. नरसिंहा यांच्या सहमतीने, समितीने निलंबन उठवलं. कशामुळे? दोघे निर्दोष ठरले म्हणून नाही आणि शिक्षा भोगून झाली म्हणूनही नाही. चौकशी करणारा कधी मिळेल याचा पत्ता नसताना माणसांना लटकत ठेवता येत नाही, म्हणून. पांड्या न्यूझीलंडला गेला आणि २८ जानेवारीला माउंट माँगनुईला तिसरा एकदिवसीय सामना खेळला. तोवर त्याचे ऑस्ट्रेलियातले तीन आणि न्यूझीलंडमधले दोन, असे पाच सामने गेले होते. राहुलला भारत 'अ' संघाकडून इंग्लंड लायन्सविरुद्ध खेळायला पाठवलं गेलं. सुचवलेल्या बंदीचे सामने दोन आणि 'शिक्षा नसलेल्या' निलंबनाचे पाच. हा फरक ज्याला कळला, तो पुन्हा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणार नाही.

निवाडा आला तो एप्रिलमध्ये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांना लोकपाल नेमलं. त्यांनी दोघांचं म्हणणं ऐकलं आणि प्रत्येकी २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला: कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या निमलष्करी दलांच्या दहा जवानांच्या कुटुंबांना प्रत्येकी १ लाख, आणि अंधांच्या क्रिकेटसाठीच्या निधीत १० लाख. चार आठवड्यांत भरले नाहीत तर मॅच फीतून वळते करायचे. दोघांनी आधीच निलंबन सोसलं आहे आणि त्यांची कमाई बुडाली आहे, याची नोंद आदेशात होती. सामन्यांची बंदी नव्हती. म्हणजे या सगळ्या प्रकरणात शिक्षा झाली ती दंडाची. एक बाब मला आजही खटकते. त्या कार्यक्रमात जास्त आणि जास्त हीन बोलला तो पांड्या, राहुल त्या मानाने थोडं बोलला. निलंबनाला हा तोल साधता येत नाही, दार सगळ्यांना सारखंच बंद होतं. निवाड्याला तो साधता आला असता, पण दंडही दोघांना सारखाच झाला.

याच जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत दुसरं प्रकरण घडलं. २२ तारखेला डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सरफराज अहमद अँडिले फेहलुक्वायोला उद्देशून वर्णवाचक बोलला आणि यष्टीजवळच्या माइकमधून ते सगळ्यांनी ऐकलं. पुढचा सामना तो खेळला, कारण तोवर काहीच ठरलं नव्हतं. २७ तारखेला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने वर्णद्वेषविरोधी नियमांखाली त्याला चार सामने बाहेर बसवलं, आणि त्याच दिवशीच्या सामन्यात शोएब मलिकने नेतृत्व केलं. गुन्हा मान्य, शिक्षा मोजलेली, पाच दिवसांत निकाल. ही खरी बंदी. गंमत करायचा विषय नाही हा, पण परिषदेच्या इंग्रजी निवेदनात शब्द होता 'सस्पेंडेड'.

आपल्याकडचा अर्धा गोंधळ त्या इंग्रजी शब्दाने केलेला आहे. इंग्रजीत 'सस्पेन्शन' हा एकच शब्द तीन कामं करतो. चौकशीआधी बाजूला ठेवणं हे एक. काही सामने बाहेर बसवण्याची शिक्षा हे दुसरं. आणि सुनावलेली पण अमलात न आणलेली शिक्षा हे तिसरं. मराठीत या तिन्हींसाठी तीन स्वच्छ शब्द आहेत: निलंबन, बंदी, स्थगित शिक्षा. आपल्याजवळ असलेली ही सोय सोडून बातमीत तिन्ही ठिकाणी 'निलंबित' लिहिणं मला अक्षम्य वाटतं. घाईत भाषांतर करावं लागतं हे मान्य. पण 'चार सामन्यांसाठी निलंबित' असं लिहिताना सामने मोजलेले आहेत, म्हणजे ही बंदी आहे, एवढं तरी हाताला जाणवायला हवं.

तिन्ही अर्थ एकाच माणसाच्या बाबतीत पाहायचे असतील तर इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन आठवा. जून २०२१ मध्ये लॉर्ड्सला न्यूझीलंडविरुद्ध त्याचं कसोटी पदार्पण झालं आणि पहिल्याच दिवशी त्याची कित्येक वर्षांपूर्वीची, वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्विट्स वर आली. त्याने सामन्यात सात बळी घेतले. सामना संपताच इंग्लंडच्या मंडळाने चौकशी होईपर्यंत त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाजूला केलं. हे निलंबन. त्यामुळे एजबॅस्टनची कसोटी हुकली. जुलैच्या सुरुवातीला शिस्त आयोगाचा निकाल आला: आठ सामन्यांची बंदी आणि ३,२०० पौंडांचा दंड. पण आठपैकी पाच सामन्यांची शिक्षा दोन वर्षांसाठी स्थगित, आणि उरलेले तीन आधीच भोगून झालेले. एजबॅस्टनची हुकलेली कसोटी आणि तो न खेळलेले ससेक्सचे दोन टी-२० सामने त्यात धरले गेले.

त्या वेळी आपल्याकडे 'रॉबिन्सनवर आठ सामन्यांची बंदी' एवढंच वाचलेले लोक ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्ध ट्रेंट ब्रिजला गोलंदाजी करताना पाहून चक्रावले. हेडिंग्लेला तर तो सामनावीर ठरला. इंग्लंडने आपल्याच नियमाला हरताळ फासला अशी ओरड मी स्वतः ऐकली आहे. नियम पूर्ण पाळला गेला होता. निलंबनात गेलेला सामना बंदीच्या हिशेबात वळता झाला होता, न्यायालयात कच्ची कैद शिक्षेतून वजा होते तसा. माझ्या मते ही सगळ्यात न्याय्य पद्धत आहे, आणि पांड्या-राहुल प्रकरणात हेच करता आलं असतं: दोन किंवा तीन सामन्यांची बंदी सुनावून निलंबनात गेलेले सामने त्यात धरायचे. मग नोंदीत शिक्षा दिसली असती, आणि बायकांबद्दल असं बोलल्यावर मैदानाबाहेर बसावं लागतं हे स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं असतं.

उलटा प्रकारही होतो. २००८ च्या जानेवारीत सिडनी कसोटीनंतर सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजन सिंगला ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला वर्णद्वेषी बोलल्याच्या आरोपावरून तीन कसोटींची बंदी सुनावली. इथे बंदी होती, पण निलंबन नव्हतं. अपील प्रलंबित असेपर्यंत शिक्षा लागू झाली नाही, म्हणून ॲडलेडच्या कसोटीत तो खेळला. त्यानंतर न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून बंदी रद्द केली आणि अपशब्दांबद्दल मॅच फीच्या ५० टक्के दंड ठेवला. तीन कसोटींची बंदी सुनावली गेली आणि तिच्यापायी एकही कसोटी हुकली नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. समज देणं म्हणजे कागदावरची ताकीद. डिमेरिट गुण साठत जातात आणि ठरावीक मर्यादा गाठली की बंदीत बदलतात. पांड्याचं मानद सदस्यत्व मुंबईच्या खार जिमखान्याने काढून घेतलं आणि जिलेटने त्याच्याशी असलेलं नातं थांबवलं. यातलं काहीच बंदी नव्हे आणि निलंबनही नव्हे. क्लब आपलं सदस्यत्व आणि कंपनी आपली जाहिरात काढून घेऊ शकते, त्याला सुनावणी लागत नाही. आणि निवड समितीने एखाद्याला न निवडणं म्हणजे वगळणं. त्यासाठी कारणे दाखवा नोटीस येत नाही, अपील होत नाही आणि ते कधी संपेल हेही कुणी लिहून देत नाही.