आपलं पत्र आपणच वाचायचं

ब्रेल बोटांनी वाचता येतं, पण विजेचं बिल, बँकेचं पत्र, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत ब्रेलमध्ये सहसा येत नाही. ते वाचायला सून नाहीतर शेजारचा मुलगा लागतो, आणि मग खात्यात किती शिल्लक आहे ते घरभर कळतं. अंधांसाठीच्या वाचनयंत्रांची सगळी धडपड या मधल्या माणसावाचून चालावं म्हणून आहे.

१९१३ मध्ये बर्मिंगहॅमच्या एडमंड फूर्निए दाल्ब यांनी ऑप्टोफोन केला. छापील अक्षरावरून प्रकाश फिरवायचा आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे सूर ऐकू यायचे. अक्षर कोणतं, हे मात्र ऐकणाऱ्यानेच ओळखायचं. मेरी जेमसन ही अंध मुलगी सुरुवातीला मिनिटाला जेमतेम एक शब्द वाचायची. पुढे सरावाने तिचा वेग पुष्कळ वाढला. थोडक्यात, यंत्र नुसतं वाजायचं, डोकं माणसाचंच.

अक्षर ओळखण्याचं काम यंत्राने उचललं ते १९७६ मध्ये. अमेरिकन संशोधक रे कर्झवाईल यांचं यंत्र कुठल्याही वळणाचा छापील मजकूर ओळखून मोठ्याने वाचायचं. विमानात शेजारी बसलेल्या एका अंध प्रवाशाशी झालेल्या गप्पांतून आपल्याला ही दिशा सापडली, असं कर्झवाईल सांगतात. गायक स्टीव्ही वंडरने ते लगेच विकत घेतलं. पण धूड केवढं, तर कपडे धुण्याच्या मशीनएवढं! खिशात मावायला आणखी तीस वर्षं गेली.

२०१५ मध्ये डेन्मार्कहून आलेल्या 'बी माय आईज' ॲपने व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक जोडून दिले. सोय उत्तम, तरी मधला माणूस होताच; फक्त अनोळखी. २०२३ पासून तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेला फोटो दाखवून विचारता येतं.

आपल्याकडे हा प्रश्न नोटांवरून पेटला. २०१६ नंतरच्या नोटा आखूड झाल्या: शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. उंची तिघींची सारखीच. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत, बस कंडक्टरसमोर, बोटांनी कसा ओळखायचा? मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने उच्च न्यायालयात दाद मागितली. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने 'मनी' हे ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवतं, इंटरनेट नसलं तरी. आधी हिंदी-इंग्रजीत बोलायचं, आता मराठीतही बोलतं.

नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.