गिरिकचा कागद आणि जकार्ताचे कांपुंग

जकार्ताच्या तामरिन रस्त्यावरचे मॉल आणि हॉटेलं ओलांडून मागे पाच मिनिटं चाललं की रस्ता संपतो आणि गांग सुरू होते. गांग म्हणजे गल्ली. समोरून मोटरसायकल आली तर भिंतीला पाठ टेकून उभं राहावं लागतं. त्याहून अरुंद बोळाचं नाव 'गांग सेंगोल', म्हणजे धक्का लागतोच अशी गल्ली. उंबऱ्याशी तीन किलोची हिरवी गॅसटाकी, जिला तिकडे सगळे 'मेलोन' म्हणतात. खिडकीतल्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, आणि रात्री कढईवर उलथनं वाजवत येणारा फोडणीच्या भाताचा गाडीवाला. या भागाचं नाव केबोन काचांग, शेंगदाण्याचा मळा. आसपास केबोन सिरिह म्हणजे नागवेलीचा मळा आणि केबोन मेलाती म्हणजे मोगऱ्याचा. मळे कधीच गेले, नावं राहिली.

अशा वस्तीला कांपुंग म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ गाव. ईदला लाखो लोक शहर सोडून 'पुलांग कांपुंग' करतात, गावी जातात, तेव्हा तो मायेचा शब्द असतो. 'कांपुंगान' म्हटलं की तोच शब्द गावंढळ या अर्थाची शिवी होतो. शहराच्या पोटातल्या वस्तीला दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. तिला सरसकट झोपडपट्टी म्हणणं मात्र चूक. एकाच गांगमध्ये टाइल लावलेलं दुमजली घर असतं, वर्षाचं भाडं आगाऊ भरून घेतलेली 'कोंत्राकान' असते आणि महिन्याच्या बोलीवर दिलेल्या 'कोस'च्या खोल्याही असतात. कारकून, शिक्षक, ड्रायव्हर, मॉलमध्ये काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली, सगळे तिथेच राहतात. पण पायाखालची जागा आपली आहे हे दाखवायला अनेक घरांकडे गिरिक नावाचा करनोंदीचा जुना कागद एवढाच असतो. (जाता जाता: तिकडे 'देसा' म्हणजे खेडं, 'नेगारा' म्हणजे राष्ट्र आणि 'वार्गा' म्हणजे रहिवासी. देश आकसून खेडं झाला, नगर फुगून राष्ट्र झालं आणि वर्गाचा एकटा माणूस झाला.)

डचांनी १६१९ मध्ये बाताव्हिया वसवलं आणि तटाबाहेर बेटाबेटांवरून आलेल्या लोकांच्या वाड्या उभ्या राहिल्या. कांपुंग बाली, कांपुंग आंबोन, कांपुंग मलायु ही नावं आजही आहेत. तो इतिहास रंजक असला तरी कांपुंगातली जागा नेमकी कोणाची, या आजच्या गुंत्याची गाठ १८७० ची आहे. त्या वर्षी वसाहती सरकारनं जाहीर केलं की ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकत नाही, ती सरकारची. सिद्ध करायची तर 'आयखेंडोम' म्हणजे युरोपीय पद्धतीचं नोंदणीकृत खत हवं. कांपुंगातल्या माणसाकडे ते असायचं कारणच नव्हतं. त्याची जागा 'आदात'प्रमाणे, म्हणजे रूढीनं, त्याची होती, आणि ती कोणाची हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं.

मात्र त्याच सरकारला या जमिनीवरचा कर हवा होता, आणि कर वसूल करायचा तर कोण किती जागा धरून बसलाय याची नोंद ठेवावी लागते. त्यातून गिरिक जन्माला आला.

गिरिक म्हणजे काय यावर इंडोनेशियात जितकी भांडणं झाली असतील तितकी क्वचितच दुसऱ्या कागदावर झाली असतील. जकार्तात त्याला गिरिक म्हणतात, सुराबायाकडे 'पेतोक डे', काही ठिकाणी 'केकितिर', बालीत 'पिपिल'. ज्या मूळ वहीतून तो उतरवला जातो ती 'लेटर से'. ती वही गावाच्या, शहरात वॉर्डाच्या कार्यालयात असते. शहरी जमिनीच्या डच घरपट्टीचा शब्द 'वर्पोंडिंग'. तिच्या पावत्याही लोक अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात. या सगळ्या कागदांवर नाव, क्षेत्र आणि कराची रक्कम असते. 'मालक' हा शब्द नसतो.

मराठी वाचकाला हे पटकन कळावं. आपला सातबारासुद्धा मुळात महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे आपली न्यायालयं पुन्हापुन्हा सांगतात. तरी लोकांच्या लेखी सातबारा म्हणजे जमीन. गिरिकचं तेच झालं, फक्त निकाल अधिक कठोर लागला. १९६० मध्येच इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका भातशेतीच्या वादात म्हटलं की कराच्या कागदावर नाव आहे एवढ्यानं तो माणूस मालक ठरतो असं नाही. तत्त्व बरोबर असेलही. पण ज्या राज्यानं तीन पिढ्या त्याच नावानं कर घेतला, त्यानं चौथ्या पिढीला 'तुम्ही कोण?' असं विचारावं, हे गल्लीतल्या माणसाला कसं पटणार?

त्याच १९६० मध्ये दोन कायदे आले. २४ सप्टेंबरला मूलभूत जमीन कायदा झाला. त्यानं १८७० ची ती घोषणा रद्द केली, रूढीचा हक्क पाया म्हणून मानला आणि हक्कांची नवी उतरंड लावली. सर्वात वर 'हक मिलिक', पूर्ण मालकी, फक्त नागरिकांसाठी. खाली 'हक गुना बांगुनान', बांधकामापुरता मुदतीचा हक्क, जो कंपन्यांनाही मिळतो. (हक आणि मिलिक दोन्ही अरबी; आपला हक्क आणि आपली मिळकत त्याच घरचे.) आणि डिसेंबरात दुसरा कायदा आला: हक्कदाराच्या परवानगीवाचून जमीन वापरणं गुन्हा. पहिल्या कायद्यानं कांपुंगातल्या माणसाला मालक व्हायचा रस्ता दाखवला, दुसऱ्यानं तोवर त्याला अतिक्रमक ठरवायची सोय केली. पुढच्या पाडापाडीत अधिकाऱ्यांच्या ओठांवर दुसराच कायदा जास्त असायचा.

रस्ता दाखवला तरी त्यावरून चाललेले थोडे. नोंदणी करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायला पैसे लागत, मोजणी लागे, वारसांच्या सह्या लागत. मग लोक 'बावाह तांगान', म्हणजे हाताखालचा व्यवहार करत. साध्या पावतीवर मुद्रांक चिकटवायचा, गल्लीच्या प्रमुखाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, घर विकलं. हा गल्लीप्रमुख म्हणजे 'एरते'चा अध्यक्ष. एरते ही काही डझन घरांची शेजारसंघटना. जपानी ताब्याच्या काळात, १९४४ मध्ये, जावात आणलेल्या शेजारगटांची ती वारस. युद्ध संपलं, जपानी गेले, रचना राहिली. ओळखपत्रापासून लग्नापर्यंत पहिलं पत्र एरतेचं लागायचं. रात्रीची गस्त, गटारसफाई, सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, गल्ली रंगवणं हेही तिच्याच पुढाकारानं. म्हणजे ज्यांना पुढे 'लियार', रानटी रहिवासी, म्हटलं गेलं, त्यांच्याकडे सरकारनंच दिलेला गल्लीक्रमांक, ओळखपत्र आणि वीजमीटर होता.

१९६९ मध्ये जकार्तानं कांपुंग सुधारणा योजना सुरू केली. तामरिन रस्त्याला ज्याचं नाव आहे, त्याच डचकालीन नगरसेवकाचं नाव योजनेला दिलं. तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कांपुंगातल्या चिखलासाठी सभागृहात भांडला होता. पायवाटा, गटारं, सार्वजनिक नळ, सामायिक न्हाणीघरं आणि संडास, शाळा, दवाखाने. १९७४ पासून परदेशी कर्ज मिळालं आणि योजना देशभर पसरली. १९८० मध्ये जकार्ताच्या आणि १९८६ मध्ये सुराबायाच्या कामाला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. कौतुक योग्यच होतं, पण एक गोष्ट त्यात झाकली गेली. पायवाट रुंद करायला घराची ओसरी कापून दिली लोकांनी, बहुतेकदा मोबदल्याशिवाय. हक्काचा कागद मात्र योजनेत कुठेच नव्हता. सरकार पायवाट घालतंय म्हणजे आता उठवणार नाही, एवढ्या भरवशावर लोकांनी कुडाच्या जागी विटा लावल्या.

तो भरवसा काही ठिकाणी टिकला. योग्याकार्तात चोदे नदीकाठची वस्ती पाडायचं ठरलं तेव्हा तिच्यात राहणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूनं उपोषणाचा इशारा दिला आणि पाडकाम थांबलं. तो स्वतः वास्तुविशारद होता, आणि त्या वस्तीलाही १९९२ मध्ये तोच पुरस्कार मिळाला. जकार्तात ऐंशी-नव्वदच्या दशकांत मधल्या भागातले कांपुंग दलालांनी घर घर करून विकत घेतले. प्रमाणपत्रवाल्याला एक भाव, गिरिकवाल्याला कमी, नुसती पावती असलेल्याला दयेचा.

आता २०१५. चिलिवुंग नदीकाठचा कांपुंग पुलो दर पावसाळ्यात बुडणारा, आणि नदी रुंद करायची म्हणून २० ऑगस्टला तो पाडायला घेतला. दगडफेक झाली, एक उत्खनन यंत्र पेटवलं गेलं. शहर प्रशासनाचं म्हणणं होतं की ही सरकारी जमीन आहे, प्रमाणपत्र नाही म्हणून मोबदला नाही, मात्र जवळच्या उंच इमारतीत भाड्याचं घर देऊ. रहिवाशांनी वर्पोंडिंगच्या पावत्या आणि कराचे कागद पुढे केले. प्रशासनानं ते ग्राह्य धरले नाहीत. पूर खरा होता, नदी आक्रसली होती हेही खरं. पण कागद तपासायची जागा न्यायालय की बुलडोझरची पायरी, हा प्रश्न तिथे उरलाच. नदीपलीकडच्या बुकित दुरीत तर सामूहिक दावा चालू असताना, सप्टेंबर २०१६ मध्ये घरं पाडली. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयानं रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला आणि भरपाई मंजूर केली. तोवर नदीकाठी काँक्रीटची भिंत उभी राहिली होती.

उत्तर जकार्ताच्या बंदराजवळचा कांपुंग आक्वारियुम एप्रिल २०१६ मध्ये पाडला. काही कुटुंबं राडारोड्यावरच तंबू टाकून राहिली. राजकारण फिरलं, नव्या गव्हर्नरच्या काळात त्याच जागी मजल्यांचा कांपुंग बांधला गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लोक परत आले. घरं मिळाली, व्यवस्थापन रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे गेलं. जमीन सरकारचीच राहिली.

सुराबायात भांडणाचा रंग वेगळा आहे, अक्षरशः. तिथल्या हजारो घरांकडे 'सुरात इजो', हिरवं पत्र आहे. ही महापालिकेच्या जमिनीवर राहायची परवानगी. रहिवासी जमिनीची फी भरतात आणि वर जमीन-इमारत करही भरतात. एकाच जागेचे दोनदा पैसे का, हा वाद कित्येक वर्षं चालू आहे.

हा जमीन-इमारत कर १९८५ च्या कायद्यानं आला आणि १९९३ मध्ये करखात्यानं नवे गिरिक देणं थांबवलं. कराच्या नव्या मागणीपत्रावर बारीक अक्षरात छापलेलं असतं: हा मालकीचा पुरावा नाही. डचांनी निदान ते लिहिलं नव्हतं.

२०१७ पासून सरकारनं देशभर सरसकट नोंदणीची मोहीम चालवली. एकट्या त्या वर्षाचं लक्ष्य ५० लाख प्रमाणपत्रांचं होतं. मग २ फेब्रुवारी २०२१ च्या नियमावलीनं गिरिकला पाच वर्षांची मुदत दिली. ती २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. त्यानंतर गिरिक हक्काचा पुरावा नाही, नोंदणीसाठी फक्त 'पेतुंजुक', म्हणजे दिशा दाखवणारी खूण. जमीन कोणी हिसकावणार नाही, नोंदणी नंतरही करता येईल, असं अधिकारी सांगतात, आणि नियमात तसंच आहे. पण आजोबांच्या नावचा गिरिक, सात वारस, त्यातले दोन सुमात्रात, आणि वॉर्डातल्या 'लेटर से'चं नेमकं ते पान फाटलेलं, असं घर घ्या. त्यांच्यासाठी १९९७ च्या नियमातली वाट उरते. वीस वर्षं सलग, प्रामाणिक हेतूनं आणि कोणाच्या हरकतीशिवाय जागा ताब्यात असल्याचं निवेदन लिहायचं आणि त्यावर विश्वासू साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. साक्षीदार म्हणून बहुतेकदा एरतेचा अध्यक्ष आणि समोरच्या घरातले म्हातारे येतात, जी जागा कोणाची हे ज्यांना आधीपासून ठाऊक असतं.